घरखर्चालाही सहेरी हवी

रमजानच्या महिन्यात पहाटे चारच्या सुमारास आमच्या मोहल्ल्यातल्या घरांतले दिवे एकामागून एक लागत जातात. कुठे तव्यावर पराठा पडतो, कुठे रात्रीचे सालन गरम होते, कुठे नुसतेच दूध आणि खजूर. खरे तर त्या वेळी कुणालाच भूक लागलेली नसते. डोळे मिटत असतात, घास घशाखाली उतरत नाही. तरीही घरातली वडीलधारी माणसे मुलांना हलवून उठवतात आणि चार घास खायला लावतात. कारण भूक दुपारी तीनला लागणार आहे आणि तेव्हा खाता येणार नाही. सहेरी म्हणजे पुढे येणाऱ्या तासांची आधीच केलेली तजवीज. या पहाटेच्या खाण्यात बरकत आहे, असे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये नमूद आहे.

पोटासाठी ही तजवीज आपण महिनाभर न चुकता करतो. घरातल्या पैशांसाठी मात्र वर्षातून एकदाही करत नाही. म्हणून आज रोजा आणि नमाजाऐवजी कर्जाविषयी लिहिते आहे. विषय एकट्या मुसलमानांचा नाही. सावकाराच्या वहीत आडनाव बघून व्याज कमी होत नाही.

ईदला उतरायचे, दिवाळीपर्यंत चढायचे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गातली एक मुलगी परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. ‘मॅडम, यंदा फॉर्म भरत नाही. पुढच्या वर्षी बघू,’ म्हणाली. अभ्यासात चांगली, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. विचारले तर बोलेना. शेवटी कळले, की फीसाठी बाजूला काढलेले पैसे आदल्या दिवशी व्याजात गेले होते. फीची सोय त्या दिवशी कशीबशी झाली. पण ‘पुढच्या वर्षी बघू’ हे तीन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मुलींच्या बाबतीत ते पुढचे वर्ष सहसा येत नाही, हे शिकवण्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तिचे वडील शिलाईकाम करतात. रमजान म्हणजे त्यांचा हंगाम. शब-ए-बारातनंतर कापडांचे ढीग पडू लागतात आणि चाँदरातीला तर पहाटेपर्यंत मशीन थांबत नाही. वर्षातली सगळ्यात जास्त कमाई याच महिन्यात. सगळा खर्च जाऊन २४,००० रुपये तरी हाती उरतात. आणि सावकाराचे देणे होते ३०,०००, दरमहा शेकडा ५ रुपयांनी. म्हणजे महिन्याला १,५०० रुपये नुसते व्याज. वर्षाला ६० टक्के. वीस महिने व्याज भरले की मुद्दलाएवढी रक्कम जाते आणि मुद्दल जागचे हललेले नसते.

माणूस प्रामाणिक. कर्ज डोक्यावर ठेवून ईदची नमाज पढायला त्यांना लाज वाटायची. म्हणून दरवर्षी चाँदरातीला हंगामाचे सगळेच्या सगळे २४,००० ते सावकाराच्या हातावर ठेवत. देणे ६,००० वर यायचे. ईदच्या दिवशी मन हलके. पण ईदनंतर शिलाईच्या धंद्यात मंदी असते. नवे कपडे सगळ्यांनीच शिवून घेतलेले असतात. खिशात काही नाही आणि दोन महिने गिऱ्हाईक नाही. तेवढ्यात मशीनची मोटर जळायची, घरात कुणी आजारी पडायचे, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. पुन्हा सावकार. सहा हजारांचे सोळा, सोळाचे बावीस, आणि दिवाळी येईतो पुन्हा ३०,०००. तीन वर्षे हेच चालले होते. ईदला उतरायचे, दिवाळीपर्यंत चढायचे.

ते मला म्हणाले, ‘मॅडम, मी तर दरसाल कर्ज फेडतो. मग संपत का नाही?’

या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. तेव्हा आम्ही एक वही आणली.

आधी वही

कुरआनातील सर्वांत लांब आयत कोणती, असे विचारले तर पुष्कळांना वाटते की ती प्रार्थनेविषयी असेल किंवा स्वर्ग-नरकाविषयी. प्रत्यक्षात ती आहे कर्जाच्या लिखापढीविषयी. सूरह बकरातील २८२वी आयत. मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असा तिचा आशय आहे. चौदाशे वर्षांपूर्वी व्यापारी कारवाँच्या समाजाला दिलेली ही शिकवण आज आमच्या घरांत किती पाळली जाते? देणे किती आहे, हे नवऱ्याला बायकोपासून लपवावेसे वाटते, आणि बायकोने गटातून काय उचलले ते नवऱ्याला ठाऊक नसते.

त्या घरात वही उघडली तेव्हा पहिली दहा मिनिटे कुणी बोलले नाही. मग एकेक निघू लागले. सावकाराचे ३०,०००. कापडवाल्याची बिनव्याजी उधारी १२,०००. मग आम्ही मागच्या वर्षभरात नवे कर्ज कशाकशासाठी काढले, ते महिन्यावार लिहिले. मोटर, तापाच्या तपासण्या, शाळेची पुस्तके, नात्यातल्या लग्नाचा आहेर, बकरीद.

यादी पूर्ण झाली आणि मुलीनेच आधी ओळखले. ‘अब्बा, एवढे पैसे तर आपल्याकडे ईदला होते.’

होते. पण सगळे एकाच दिवशी देऊन झाले होते. आजारपण आणि मोटर यांच्यासाठी दोन-पाच हजार घरात असते, तर पुन्हा त्याच दारात जावे लागले नसते. कर्ज फेडण्यात त्यांची चूक नव्हती. रिकाम्या हाताने कर्ज फेडण्यात होती.

कर्ज आधी की डबा आधी?

इथे एक प्रश्न येतो आणि तो विचारायलाच हवा. शेकडा ५ रुपयांचे कर्ज डोक्यावर असताना ६,००० रुपये बाजूला ठेवायचे म्हणजे महिन्याला ३०० रुपये जास्तीचे व्याज भरायचे. हा कुठला शहाणपणा?

हिशेबाने हा तोटाच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हे ३०० रुपये कशाची किंमत आहेत, तेही बघितले पाहिजे. अडचणीच्या रात्री सावकाराकडे जावे न लागण्याची ती किंमत आहे. अडलेला माणूस दर विचारत नाही, मिळेल त्या दराने घेतो आणि गरजेपेक्षा थोडे जास्तच घेतो, कारण पुन्हा पुन्हा हात पसरायला नको वाटते. दोन हजारांची मोटर, पण कर्ज निघते पाच हजारांचे.

म्हणून क्रम असा ठेवावा. पहिले, ठरलेले हप्ते आणि व्याज चुकू द्यायचे नाही. दुसरे, छोटा डबा आधी भरायचा. छोटा म्हणजे मागच्या वर्षीच्या यादीतले सगळ्यात मोठे अचानक आलेले एक-दोन खर्च भागतील एवढाच. रोजंदारीवरच्या घराला पंधरा दिवसांचे रेशन आणि दवाखान्याची एक फेरी. तिसरे, तेवढे जमले की डबा तिथेच थांबवून उरलेला सगळा जोर सर्वांत महागड्या कर्जावर. चौथे, ते संपले की डबा वाढवत न्यायचा, आधी एका महिन्याच्या खर्चाएवढा, मग तीन महिन्यांच्या. तीन महिन्यांची रक्कम पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर आणली तर कुणीच सुरुवात करणार नाही.

मला आणखी एकाने विचारले होते, की देणे बाकी असताना पैसा साठवणे धर्मात बसते का? ऐपत असून देणे टाळणे हा जुलूम आहे, असे हदीसमध्ये आलेच आहे. पण देण्याचा शब्द मोडावा लागू नये म्हणून ठेवलेली लहानशी रक्कम ही टाळाटाळ नव्हे. पैगंबर आपल्या प्रार्थनेत कर्जापासून बचावाची दुआ वारंवार मागत. कुणी कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की कर्जबाजारी माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो. किती ओळखीचे आहे हे! फोन वाजला की मुलाला ‘अब्बा घरात नाहीत म्हण’ असे सांगणारा बाप खोटारडा नसतो. कर्ज त्याला खोटे बोलायला लावते.

आणि कर्ज घेणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असेही कुणी समजू नये. स्वतः पैगंबरांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत मदीनेतल्या एका ज्यू माणसाकडे जवाच्या बदल्यात गहाण होते. घरच्यांच्या पोटासाठी घेतलेले धान्य होते ते. याच पैगंबरांनी आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे धान्य बाजूला काढून ठेवल्याचीही नोंद हदीसमध्ये आहे. अल्लाहवर भरवसा आणि घरातली तजवीज यांत त्यांना विरोध दिसला नाही. उंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, ही त्यांची शिकवण प्रसिद्धच आहे.

हंगामाची सात वर्षे

तजवीजीची सर्वांत मोठी कथा कुरआनात हजरत यूसुफ यांची आहे. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतही ती जोसेफ या नावाने येते. मिस्रच्या बादशहाला स्वप्न पडते. सात लठ्ठ गायींना सात हडकुळ्या गायी खातात. सात कणसे हिरवी, सात वाळलेली. तुरुंगात असलेले यूसुफ त्याचा अर्थ सांगतात. सात वर्षे पीक येईल, त्यातले खाण्यापुरते घेऊन बाकीचे कणसातच राहू द्या, कारण मागून सात वर्षे दुष्काळाची आहेत. पुढे धान्यकोठारांची जबाबदारी त्यांच्यावरच येते आणि दुष्काळात सारा मुलूख तगतो.

या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग कोठाराचा आहे. यूसुफ यांनी दुष्काळात बचत करायला सांगितले नाही. हंगामात करायला सांगितले. आपल्याकडे उपदेश नेमका उलटा होतो. हातात काही नसलेल्या माणसाला आपण सांगतो, काटकसर कर. काटकसर तो करतोच आहे. बचत होते ती हंगामात, आणि हंगाम प्रत्येकाचा वेगळा. शिलाईवाल्याचा रमजान, फटाकेवाल्याचा आणि मिठाईवाल्याचा दिवाळी, मंडपवाल्याचा लग्नसराई, शेतकऱ्याचा सोयाबीन-कापूस विकला जातो तो पंधरवडा, नोकरदाराचा बोनस. डब्यात पैसे पडायचे ते त्या दिवसांत.

महाराष्ट्राला तर हे वेगळे सांगायला नको. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. त्यांचा रोख होता कर्जखतांवर. कागद मिळवून जाळणे हाच हेतू. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकातल्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. कर्जदार तंगीत असेल तर त्याला मुदत द्या आणि सोडून दिलेत तर ते अधिक चांगले, हा कुरआनातील आदेश मी विद्यार्थ्यांना समजावते तेव्हा उदाहरण तुकोबांचेच देते. लगेच समजते.

अचानक म्हणजे काय?

डबा भरण्यापेक्षा तो टिकवणे अवघड, हे त्या घरात लवकरच कळले. चाँदरातीला त्यांनी या वेळी १८,००० सावकाराला दिले आणि ६,००० मुलीच्या पोस्टातल्या बचत खात्यात ठेवले. पंधरा दिवसांत नात्यात लग्न निघाले आणि आहेरासाठी ‘आपल्याकडे आहेत ना सहा हजार’ असे झाले. मायलेकींचे वाजले. शेवटी मुलीने पासबुक उशीखाली ठेवले आणि आहेर पाचशे रुपयांत बसवला. मामी आठ दिवस बोलली नाही म्हणे. नवव्या दिवशी बोलली.

तेव्हा त्यांनी एक नियम केला. डब्याला हात लावायच्या आधी तीन प्रश्न. हे अचानक आले का? याच्यावाचून चालणारच नाही का? आत्ताच लागणार का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच.

वहीतली यादी या तीन प्रश्नांच्या चाळणीतून घातली तर काय राहते बघा. शाळा दर जूनला उघडते, ते अचानक नाही. लग्न दोन महिने आधी कळते. बकरीद कॅलेंडरमध्ये छापलेली असते. इस्लामी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने आमचे सण दरवर्षी तेवढे मागे सरकतात. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी बकरीद जूनमध्येच आली, म्हणजे नेमकी शाळेच्या खर्चाच्या तोंडावर. ज्याच्या घरी वही होती त्याला हे सहा महिने आधी दिसले. अशा ठरलेल्या खर्चांसाठी वेगळी पाकिटे करावीत, दर महिन्याला शंभर-दोनशे टाकावेत. डबा मोटर जळण्यासाठी, दवाखान्यासाठी, काम बंद पडण्यासाठी.

आणि स्पष्टच सांगायचे तर कुर्बानी ऐपत असणाऱ्यावर आहे. हजही ऐपत असणाऱ्यावर आहे. सावकाराकडून पैसे आणून बकरा आणण्याची सक्ती धर्माने कुणावर केलेली नाही. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेने केलेली असते.

पैसे ठेवायचे कुठे?

आपल्या आया-आज्यांचा डबा तुरीच्या डाळीत किंवा तांदळात असायचा. मोठ्या गुणाचा डबा होता तो. पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा कितीतरी घरांत डाळीतले पैसे नवऱ्यापुढे ठेवावे लागले आणि अम्मीची वीस वर्षांची गुपिते एका रात्रीत फुटली. घरात रोख हवी ती एका रात्रीपुरती, दवाखान्याचे डिपॉझिट आणि रिक्षा भागेल इतकी. बाकीचे वेगळ्या खात्यात. जनधनचे शून्य शिलकीचे खाते असेल तरी चालेल. फक्त त्या खात्याला फोनवरचे पेमेंट जोडू नये. बँकेपर्यंत चालत जावे लागले की अर्धे मोह वाटेतच उतरतात.

व्याज नको असणाऱ्या मुस्लिम बंधुभगिनींचा प्रश्न येतो. खात्यात जमा झालेले व्याज वेगळे काढून, पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावे, असे अनेक उलेमा सांगतात. आपल्या मौलानांना विचारून घ्यावे. पण व्याज नको म्हणून बँक नको, बँक नको म्हणून बचत नको, आणि मग शेकडा ५ रुपयांनी व्याज भरायला तयार, हा उलटा न्याय आहे. ‘हलाल नफा’ देतो म्हणणाऱ्या गल्लीबोळातल्या योजनांपासून तर दूरच राहावे. २०१९ साली बंगळुरूत अशीच एक मोठी योजना कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गेली. अडचणीचा पैसा वाढवायचा नसतो, सापडेल असा ठेवायचा असतो.

भिशी चांगली, शिस्त लावते. पण भिशी म्हणजे डबा नव्हे. नंबर लागायचा तेव्हा लागतो आणि ताप त्याची वाट बघत नाही. दागिन्यांचेही तसेच. विकायला गेले की घडणावळ जाते, गहाण ठेवले की व्याज लागते. ते शेवटचे दार समजावे. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप तर सावकारापेक्षा वाईट. सावकार निदान आपल्या दारात येतो. यातली कित्येक ॲप फोनमधली सगळी नावे उचलतात आणि तुमच्या पाहुण्यांना, मालकाला फोन करतात.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे सावकारीला परवाना लागतो. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांकडे तक्रार करता येते. कर्जदाराचा सगळ्यात मोठा अचानक खर्च म्हणजे दवाखाना. त्यासाठी शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आजारी पडायच्या आधी करून ठेवावी. कागद शोधायची वेळ रुग्णवाहिकेत येऊ नये.

पगारदार मंडळींना हे सगळे गरिबांचे विषय वाटत असतील तर मी माझे सांगते. उमेदीची काही वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले. मानधन कधी चार महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी यायचे. तेव्हा माझ्याकडे पदव्युत्तर पदवी होती आणि किराणावाल्याकडे खातेही होते. तो रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर जायची. क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. सावकाराचे दुकान वातानुकूलित झाले म्हणून तो सावकार नाही असे होत नाही.

देणाऱ्यांसाठी

रमजानमध्ये जकात निघते. निसाब म्हणजे ठरलेल्या मर्यादेइतकी संपत्ती, साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी, ज्याच्याजवळ चांद्र वर्षभर राहिली त्याने अडीच टक्के द्यायचे. देणे असेल तर आधी ते वजा होते. वर सांगितलेला पाच-सहा हजारांचा डबा या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, त्यामुळे एवढ्याशा डब्याने जकातीचे ओझे येईल ही भीती नको.

जकात कुणाला द्यायची, याचे आठ प्रकार कुरआनाने सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. त्यांत कर्जात बुडालेला माणूस स्पष्टपणे येतो. पण आपली जकात बहुतेक वेळा दारात आलेल्याला मिळते, आणि कर्जबाजारी माणूस दारात येत नाही. तो आपल्याच सफमध्ये, खांद्याला खांदा लावून नमाज पढत असतो. पन्नास जणांना शंभर-शंभर रुपये वाटण्याने ईदचा दिवस साजरा होतो. तेच पाच हजार एका घराचा डबा झाले तर त्या घराचे वर्ष निघते. गाजावाजा न करता, फोटो न काढता, अशा एका घराचा शोध घ्यावा.

कर्ज-ए-हसना, म्हणजे परतफेडीच्या बोलीवर बिनव्याजी दिलेले कर्ज, ही आमच्यातली जुनी रीत आहे. देवबंदला १९६१ मध्ये मुस्लिम फंड सुरू झाला तो याच विचाराने. लोकांच्या लहान ठेवी आणि दागिन्यांच्या तारणावर बिनव्याजी कर्ज. महिला बचत गटांमध्येही आपसातल्या रकमेतून एकमेकींची नड भागवतात. मोहल्ल्याची कमिटी, गणेश मंडळ, जातीची पंचायत, कुणीही वीस-पंचवीस हजारांचा असा फंड उभा करू शकेल. नियम लिहिलेले हवेत, हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागायला हवा.

यंदाची चाँदरात

त्या घराचे पुढे काय झाले? चमत्कार झाला नाही. त्या पावसाळ्यात मोटर जळालीच, २,२०० रुपये लागले. दिवाळीच्या आधी धाकट्याला डेंग्यू झाला, तपासण्या आणि औषधे मिळून ३,००० गेले. दोन्ही वेळा पैसे पोस्टातून आले. आईने साड्यांना फॉल-पिको लावायचे काम घेतले, मुलीने दोन शिकवण्या धरल्या. त्यातून महिन्याला ५०० मुद्दलात आणि ४०० डब्यात टाकायचे ठरले. पुढच्या रमजानपर्यंतच्या अकरा महिन्यांत दोन महिने चुकले, नऊ महिने जमले. सावकाराचे देणे दिवाळीत ३०,००० वर चढायचे, ते यंदा चढले नाही, १२,००० वरून ७,५०० वर उतरले. डब्यात ४,४०० शिल्लक होते. गेल्या वर्षीच्या चाँदरातीला ७,५०० देऊन त्यांनी सावकाराची चिठ्ठी परत घेतली आणि कापडवाल्याच्या उधारीतले ८,००० दिले. उरले ते थोडे ईदला, थोडे डब्यात.

कापडवाल्याचे ४,००० अजून बाकी आहेत. परवा इफ्तारच्या वेळी मी त्यांच्याकडे गेले होते. मशीन चालूच होते, टेबलावर लहान मुलांच्या शेरवान्यांचा ढीग. मी म्हटले, ‘भाई, आता चार हजार म्हणजे काय, या हंगामात फिटतील.’

धाग्याचे टोक दाताने तोडत ते म्हणाले, ‘फिटतील मॅडम. पण आधी डबा.’

मुलगी आतून खजुराची बशी घेऊन आली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म तिने मुदतीच्या आठ दिवस आधी भरला आहे.